रोहिणी ते गोदावरी : धरणे घेतली, जमीन सोडली

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले? म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिले आणि वैराग्य आले, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून सांगितली जाते. बाबासाहेबांनी ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर एकही आजारी माणूस पाहिला नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण मांडले. ते कारण पाण्याचे आहे.

शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. दोघांची शेती तिच्यावर. पाणी आधी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दरवर्षी भांडण. एका वर्षी ते मारामारीपर्यंत गेले आणि शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. संघाचा सभासद असलेल्या सिद्धार्थाने त्याला उभे राहून विरोध केला. त्याची सूचना अशी : आपले दोन, त्यांचे दोन, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली. सिद्धार्थ मागे हटला नाही, तेव्हा त्याला धमकी काय मिळाली? तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकू आणि तुमच्या जमिनी जप्त करू. कुटुंबाला ही शिक्षा नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

पाणी, बहिष्कार आणि जमीन. हे तीन शब्द लक्षात ठेवा. महाडपासून मराठवाड्यापर्यंत आपल्या समाजाचा इतिहास याच तीन शब्दांभोवती फिरतो. आपण पाण्याची लढाई लढलो, बहिष्काराची झळ सोसली. पण जमिनीशिवाय पाण्याचा हक्क अर्धाच राहतो, हे बाबासाहेबांनी सांगूनही आपण पुरेसे ऐकले नाही. हा लेख त्यासाठी आहे.

नदीने समाज घडवला, पण कोणता?

नाईल, सिंधू, तैग्रिस. मोठ्या नद्यांच्या काठी संस्कृती जन्मल्या, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य सर्वांना पाठ असते. कार्ल विटफोगेल या जर्मन अभ्यासकाने १९५७ मध्ये त्याच्या पुढे जाऊन म्हटले की, जिथे मोठे कालवे आणि बंधारे लागतात तिथे ते सांभाळणारी नोकरशाही उभी राहते, आणि त्यातून निरंकुश राजसत्ता जन्मते. थोडक्यात, पाणी ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती.

आपल्याकडे हे सूत्र अर्धेच लागू पडते. इथे राजा बदलला, राजधानी बदलली, पण गावच्या विहिरीचा कायदा बदलला नाही. कोणी वरच्या अंगाला भरायचे, कोणी खालच्या अंगाला, आणि कोणी ओंजळ पसरून दुसऱ्याने वरून ओतण्याची वाट पाहायची, हे ठरवायला कोणत्याही बादशहाच्या फर्मानाची गरज लागली नाही. जातीने ते काम फुकटात केले. इजिप्तमध्ये पाण्याने फारो घडवला असेल, आपल्याकडे पाणवठ्याने उतरंड पक्की केली. विटफोगेलला राजवाडा दिसला, महारवाडा दिसला नाही.

मग हे असेच अनादी काळापासून होते का? सनातन म्हणवणाऱ्यांना तसेच भासवायचे असते. नाशिककरांनी त्याचे उत्तर शोधायला फार लांब जाऊ नये. शहराच्या दक्षिणेला डोंगरावर ते कोरून ठेवले आहे.

त्रिरश्मीच्या डोंगरावरची साक्ष

लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात त्या त्रिरश्मी बुद्ध लेणी आहेत. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, तिथल्या शिलालेखांत डोंगराचे नाव स्पष्ट आहे : तिरण्हु. आज आपली तरुण मुले रविवारी तिथे जाऊन ब्राह्मी लिपी शिकतात, ही मोठी गोष्ट आहे. त्यांनी तिथले पाण्याचे उल्लेख एकत्र करून वाचावेत.

क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख दहाव्या लेण्यात आहे. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर त्याने मोफत नावांची सोय केली, काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या, आणि या डोंगरात लेण्यासोबत पाण्याची ‘पोढी’, म्हणजे कातळात खोदलेले टाके, दान दिले. हाच उषवदात ब्राह्मणांना गायी आणि गावेही देतो, तेही त्याच लेखात आहे. पण नदी ओलांडणे आणि तहान भागवणे ही सार्वजनिक सोय आहे, तिला पैसा घ्यायचा नाही, ही कल्पना या मातीत जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली आहे.

दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. विष्णुदत्ता नावाची शक उपासिका आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवते. ठेव कोणाकडे? गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यात तेल गाळणारे आहेत, आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रे करणारेही आहेत. या ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले आहेत. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकजवळचेच गाव.

विचार करा. पाण्याचे काम करणाऱ्या कारागिरांची संघटना आहे, तिची पत एवढी की एक परदेशी वंशाची स्त्री भिक्खुसंघाच्या औषधाचा पैसा तिच्यावर विश्वासून ठेवते. आज आपण ज्याला बँक म्हणतो ते काम हे कारागीर करत होते. हेच लोक पुढे अस्पृश्य ठरले, असे मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. पण ज्या समाजात पाण्याला हात घालणारा माणूस पत राखून होता, त्याच प्रदेशात पुढे पाण्याला कोणाचा हात लागला म्हणून पाणी बाटू लागले, एवढे मात्र निर्विवाद आहे. बाबासाहेब ज्याला प्रतिक्रांती म्हणत, ती अशी पाणवठ्यावर दिसते.

हौद, तळे आणि कुंड

या प्रतिक्रांतीला आधुनिक काळात पहिला धक्का दिला तो महात्मा फुल्यांनी. १८६८ मध्ये त्यांनी पुण्यातला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. फुल्यांचे पाणी तिथेच थांबत नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते डोंगरातून वाहून जाणारे पाणी अडवायला, बांध आणि तलाव बांधायला सांगतात आणि कालव्याच्या कारभारातल्या बेपर्वाईवर कोरडे ओढतात. पाण्याचा सामाजिक प्रश्न आणि शेतीचा प्रश्न त्यांनी वेगळा केला नव्हता.

१९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, कागदावर. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, तेही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि कागद पाण्यापर्यंत नेला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे १०८ घागरींनी ‘शुद्धीकरण’ झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! एका ओंजळीसाठी.

२ मार्च १९३० ला नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशीची मिरवणूक मंदिराचे दरवाजे बंद दिसल्यावर गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे तिची सभा झाली. या लढ्यात दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास अशी माणसे पुढे होती. मंदिराबरोबर रामकुंडाचाही प्रश्न होता : ज्या नदीत देशभरातून येऊन कोणीही पाप धुवावे, तिच्या कुंडात नाशिकच्याच महाराने उतरायचे नाही! हा सत्याग्रह पाच वर्षे रेटला गेला. पण १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्रात स्पष्ट केले की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ सुरू केली नव्हती, त्यांना जागे करण्यासाठी केली होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

इथवरचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. २० मार्चला आपण महाडला जातो, १३ ऑक्टोबरला येवल्याला जातो. अडचण पुढच्या प्रकरणाची आहे. ते आपल्या भाषणांत फारसे येत नाही.

जलनीती घेतली, जमीन सोडली

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर, महानदी, शोण या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया त्याच काळात घातला गेला. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला, तोच आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी पुराकडे संकट म्हणून पाहणाऱ्या अभियंत्यांची दृष्टीच बदलायला सांगितली. पाणी जास्त आहे हे दुखणे नाही, ते साठवून वर्षभर वापरता आले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत आंतरराज्य नदीच्या वादांसाठीची तरतूद त्यांनीच मांडली, ती आजचे कलम २६२. रोहिणीच्या काठी सिद्धार्थाने मागितलेला निवाडा भारताच्या संविधानात असा आला, असे मला वाटते.

जलनीतीचे बाबासाहेब हल्ली सरकारी जाहिरातींतही दिसतात. पण ते अर्धे बाबासाहेब आहेत. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी सांगितले की, शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी. कोणी जमीनदार नको, कोणी कूळ नको, कोणी भूमिहीन मजूर नको. आणि या शेतीला पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे पुरवणे हे राज्याचे कर्तव्य असावे. म्हणजे त्यांच्या योजनेत धरण आणि जमीन एकत्र होते. देशाने धरण उचलले आणि जमिनीचे पान फाडून टाकले.

त्याचा परिणाम काय झाला ते गोदावरीच्या खोऱ्यात उघड दिसते. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला, १९१६ मध्ये दारणा धरण झाले, आणि गोदावरीचे डावे-उजवे कालवे निफाड, कोपरगावकडे वाहू लागले. दुष्काळ टाळण्यासाठी आणलेले पाणी उसात गेले. आधी खासगी, मग सहकारी साखर कारखाने आले, कारखान्यातून बँका, कॉलेजे आणि आमदारक्या आल्या. स्वातंत्र्यानंतर गंगापूर, मुकणे, भावली अशी धरणांची रांग लागली. राज्यात उसाखाली पिकांचे क्षेत्र जेमतेम चार टक्के, पण सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी ऊस पितो, हे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने नोंदवले आहे.

हे पाणी कोणाच्या पैशाने अडवले? सर्वांच्या. कोणाच्या जमिनी बुडवून? इगतपुरी तालुक्यात धो धो पाऊस पडतो, तिथल्या ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबई पिते, आणि त्याच पट्ट्यातल्या, पेठ-सुरगाण्यातल्या आदिवासी बाया एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन वणवण करतात. आणि लाभ कोणाला? ज्याच्या नावावर लाभक्षेत्रात सातबारा, त्याला. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्यासाठी कालवा म्हणजे फक्त दुसऱ्याच्या शेतातली मजुरी.

चवदार तळ्यावर पाण्याच्या आड जात उभी होती. कालव्यावर जातीला उभे राहायची गरजच नाही, तिचे काम सातबारा करतो. पाण्याचा हक्क जमिनीला बांधला आणि जमीन कोणाकडे हे जातीने आधीच ठरवले होते.

दोन एकर बरोबर चार एकर

हे दादासाहेब गायकवाडांना नेमके कळले होते. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या या माणसाने मंदिराच्या दारातून आपला मोर्चा जमिनीकडे वळवला. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी लाखो लोक तुरुंगात गेले.

आज त्यांच्याच नावाने राज्य सरकारची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. या योजनेचा हिशोब नीट बघा. दोन एकर ओली बरोबर चार एकर कोरडी, हे सरकारच कबूल करते. म्हणजे पाण्याचे मोल निम्म्या जमिनीएवढे! मग ज्याला ना जमीन, ना पाणी, त्याचे या धरणांतून किती देणे बाकी आहे, हा हिशोब कोण मांडणार? मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायराने कसली, मार खाल्ला, काहींच्या नावावर ती झाली. पण गायरान म्हणजे माळ. कालव्याचे पाणी तिथे चढत नाही. विहिरीसाठी बाबासाहेबांच्या नावाने स्वावलंबन योजना आहे, तिला किमान ०.४० हेक्टर जमीन लागते. भूमिहीन पुन्हा बाहेर.

पाणी वापर संस्थांचेही तेच. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी पाण्याचा कारभार आपल्या हाती घेतला. ते काम खरोखर आदर्श आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. पण २००५ च्या कायद्याप्रमाणे अशा संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. मजुराला मत नाही.

आमचे पाणी म्हणजे कोणाचे?

दर दुष्काळात नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना लागतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाईच्या काळात खोऱ्यातल्या धरणांनी पाणी समन्यायाने वाटून घ्यावे असे आहे. मेंढेगिरी समितीने त्याची सूत्रे दिली, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले, आणि २०२३ मध्ये जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. लगेच इकडे ‘आमचे पाणी पळवले’ आणि तिकडे ‘आमच्या हक्काचे पाणी’ अशा घोषणा सुरू झाल्या. दोन्हीकडे आपली मुले झेंडे घेऊन उभी असतात.

कायदा मराठवाड्याच्या बाजूने आहे आणि तो न्याय्य आहे, याबद्दल मला शंका नाही. वरच्याने आधी भरून घ्यायचे आणि उरले तर खालच्याला द्यायचे, हा पाणवठ्याचाच जुना नियम आहे. नाशिकचा आंबेडकरी कार्यकर्ता त्याचे समर्थन करूच शकत नाही. पण पैठणला पाणी पोहोचल्यावर प्रश्न संपत नाही. ते तिथल्या उसाला जाणार की टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला? शाक्य आणि कोलिय भांडत होते, तेव्हा दोन्हीकडे दास आणि शेतमजूर होतेच. त्यांचा वाटा त्या भांडणात कोणीच मागितला नव्हता.

पाणी माणसाला, सातबाऱ्याला नव्हे

हे होऊ शकते का? झाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते : पाणी जमिनीच्या एकरावर नाही तर घरातल्या माणसांवर मोजायचे, ऊस लावायचा नाही, जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जायचे नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. सांगली जिल्ह्यात बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, तिथेही भूमिहीनांच्या वाट्याचे तत्त्व मानले गेले. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही. राजकीय ताकद उभी करायची गोष्ट आहे.

म्हणून काही कामे आजच हाती घ्यायला हवीत.

पहिले, आपल्या वस्तीचा नळ. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरले आहे. गावात किती वेळ येते आणि वस्तीत किती वेळ, हे महिनाभर वहीत लिहा आणि ती वही ग्रामसभेत ठेवा.

दुसरे, कायदा. संविधानाचे कलम १५ विहिरी, तळी आणि स्नानघाटांचा नाव घेऊन उल्लेख करते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नदी, झरा, विहीर, नळ, घाट यांचा वापर अडवणे हा स्पष्ट गुन्हा आहे. तक्रार ‘किरकोळ भांडण’ म्हणून नोंदवू देऊ नका.

तिसरे, आणि खरे : भूमिहीनांचा पाण्यावर हक्क. पाणी वापर संस्थेत मजुराला सभासदत्व, धरणाच्या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा राखीव वाटा, दादासाहेबांच्या नावाच्या योजनेत माळरानाऐवजी लाभक्षेत्रातली जमीन. हा वाटा त्याने गटाने कसून वापरावा, किंवा त्याचे मोल घ्यावे.

येत्या कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये घाट सजतील, कोट्यवधी खर्च होतील. २०१५ च्या कुंभात, दुष्काळाच्या वर्षी, शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्यावरून उच्च न्यायालयात जावे लागले होते. रामकुंडात उतरण्याचा हक्क आपण एकेकाळी मागितला, तो माणूस म्हणून. आज त्या कुंडाला येणाऱ्या पाण्याचा हिशोब मागायचा आहे, तो मालक म्हणून. नदी देवी आहे की नाही, या वादात आपल्याला पडायचे नाही. ती सर्वांच्या मालकीची आहे, आणि सर्वांत ज्यांच्या नावावर काहीच नाही तेही येतात, एवढेच ठासून सांगायचे आहे.

येत्या २० मार्चला महाडला जरूर जा. परत आल्यावर मात्र आपल्या तालुक्यातल्या धरणाच्या कालव्यावर जा, आणि तिथल्या पाटकऱ्याला विचारा : या पाण्यात आमच्या वस्तीचा वाटा किती?

जय भीम!